मखरामागची गाडी

माजिवड्याच्या माझ्या फ्लॅटमधली आतली खोली गाडीची आहे. तिथे पलंग नाही, कपाट नाही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फळ्या, फळ्यांवर रूळ आणि फळ्यांखाली तारा. घरी येणारा प्रत्येक माणूस दारात थबकतो आणि एकच विचारतो, "नातवासाठी वाटतं?" मला नातू आहे, पुण्याला असतो, त्याला क्रिकेटचं वेड आहे. गाडी माझी आहे. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं भजनाला जावं, भिशी लावावी, गुडघ्यांना तेल चोळत बसावं. फळीखाली उताणं पडून तारांना डाग देत बसू नये, असं ज्यांना वाटतं त्यांना मी चहा पाजते आणि वाटेला लावते. खोलीतलं बरंचसं सामान हल्लीचं आहे. जुना आहे तो एक खटका. पितळी पट्ट्यांचा, काळ्या बॅकेलाइटवर बसवलेला, हातानं या बाजूचा त्या बाजूला पाडायचा. आता त्याचं काम आपोआप करणारी डबी मिळते. मुलानं ती मला वाढदिवसाला आणून दिली, मी तिचं कौतुक केलं आणि खणात ठेवून दिली. हा खटका मी ठाण्याला अप्पाकाकांच्या घरी, गणपतीच्या आराशीसाठी बनवला, आणि त्याच्यावरून जे रामायण झालं ते आमच्या घराण्यात आजही कोणी मोठ्यानं बोलत नाही. म्हणून मी बोलते.

आम्ही ठाकुर्लीला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. बाबा केबिनमध्ये होते. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते ठरवून सांधे बदलायचे, सिग्नल पाडायचा, हे त्यांचं काम. आमच्या मागच्या खिडकीखालून सिग्नलची तार जायची. वर केबिनमध्ये लिव्हर ओढला की ती सळसळायची. आई चुलीवर कुळथाचं पिठलं ढवळता ढवळता त्या आवाजावरून सांगायची, आता मालगाडी येणार, आता मेल. मला गाडीपेक्षा त्या तारेचं नवल. माणूस तिथे वर उभा आणि लांबवर रूळ हलतो, हे मला जेवताना, अभ्यास करताना, वेणी घालून घेताना डोक्यातून जायचं नाही. बाबा शांत माणूस. मी विचारलं की कोळशानं फरशीवर काढून दाखवायचे, सांधा म्हणजे काय, जीभ कशी सरकते, चुकीच्या बाजूला राहिली तर चाक कसं खाली उतरतं. आई म्हणायची, पोरीला पोळ्या शिकवायच्या सोडून हे काय शिकवताय. बाबा हसायचे आणि फरशी पुसून टाकायचे.

अप्पाकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. टेंभी नाक्याजवळ त्यांचं तीन खोल्यांचं घर होतं आणि सगळ्या घराण्याचा गणपती त्यांच्याकडे बसायचा. कचेरीत हेडक्लार्क, घरात त्याहून वरचे. सोवळंओवळं एवढं कडक की काकू स्वयंपाकघरात शिरताना दूधवाल्याचा हातही टाळायच्या. पण माणूस हौशी. आरास करावी तर अप्पांनी, असं आळीत म्हणायचे, आणि ते ऐकायला त्यांना फार आवडायचं. त्यांचा मुलगा विलास माझ्याच वयाचा, कॉलेजात माझ्याच वर्गात. त्याला आमच्या आत्याच्या यजमानांनी मस्कतहून विजेवर चालणारी छोटी आगगाडी आणली: इंजिन, चार उघडे डबे, रूळ, एक सांधा आणि एक ट्रान्सफॉर्मर. विलासनं ती आठवडाभर गोल गोल फिरवली, कंटाळला, आणि गाडी गेली माळ्यावर. मी मागितली तेव्हा अप्पाकाका हसले. "मुलीला काय करायचीय आगगाडी? बाहुली माग." कॉलेजात जाणाऱ्या मुलीला बाहुली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण तेव्हा गप्प बसले. श्रावणात काकूंबरोबर माळा झाडायला म्हणून मुद्दाम ठाण्याला गेले, खोकं खाली घेतलं आणि बाहेरच्या खोलीत रूळ मांडून बसले. कोणी काही म्हणायच्या आत गाडी खुर्चीच्या पायांतून फिरून आली होती.

ती बघून अप्पाकाकांच्या डोक्यात आरास शिरली. समोरच्या बिल्डिंगमधल्या लोकांनी आदल्या वर्षी कारंजं केलेलं, त्याचा सल होताच. ते म्हणाले, गाडी उंबऱ्यापाशी उभी राहील, बाप्पाकडे जाईल, त्याच्या उजवीकडून डावीकडे नीट प्रदक्षिणा घालेल आणि डब्यांतून पेढे घेऊन परत उंबऱ्याशी, भक्तांपुढे येईल. नुसतं गोल फिरणं नको. बाप्पाभोवती फिरून परत माणसांत यायला हवं. मला मान्य करायला हवं, कल्पना झकास होती. आणि त्यातच गोची होती. खोक्यातल्या कागदावर अशी मांडणी नव्हती, कारण ती बनली त्या देशात गाडीनं प्रदक्षिणा घालावी असं कोणाला वाटत नाही.

आखणी मी रांगोळीनं केली. काकूंना वाटलं पोरगी सुधारली. मी खिळ्याला सुतळी बांधून चौरंगाभोवती रांगोळीचं वळण आखलं, तुकड्यांची वळणं त्यावर ठेवून पाहिली, पुसलं, परत आखलं. मखर भिंतीजवळ, त्याच्या मागे जेमतेम गाडीपुरती जागा. उंबऱ्यापासून सरळ रूळ, चौरंगापुढे सांधा, तिथून गाडी एका बाजूनं आत जाणार, मखरामागून वळणार आणि त्याच सांध्यावर दुसऱ्या बाजूनं येऊन सरळ रुळाला लागणार. कागदावर सुंदर. शेवटचा तुकडा जोडला, बटण दाबलं, आणि ट्रान्सफॉर्मरवरचं लाल बटण टपकन बाहेर आलं. गाडी हलेना. विलासनं इंजिन झटकलं, अप्पाकाकांनी ते बंद पाडल्याबद्दल माझ्याकडे पाहिलं. काकूंच्या परकराच्या नाडीनं मला उलगडा झाला. दुहेरी नाडी धरून तिला बोटाभोवती वळसा द्या आणि परत तिच्यावरच आणा: डावी दोरी उजवीला येऊन भिडते. रुळांचंही तेच. या दोन रुळांतून उलटसुलट वीज जाते, आणि प्रदक्षिणा घालून आलेला डावा रूळ उजव्याला चिकटला की झालं शॉर्ट.

उपाय सापडायला मला श्रावणातले उरलेले सगळे रविवार लागले. प्रदक्षिणेच्या वाटेवर दोन ठिकाणी रूळ करवतीनं कापले आणि फटीत जुन्या कंगव्याचे तुकडे बसवले, म्हणजे तेवढा भाग बाकीच्यापासून तुटला. गाडी त्या तुकड्यात असताना बाकीच्या रुळांची वीज उलटी करायची. त्यासाठी हा खटका. पितळी पट्ट्या भंगारवाल्याकडच्या फुटक्या मीटरमधून काढल्या. सांधा हलवायला दोन जुन्या घंट्यांमधल्या कॉइल्स लावल्या, एक इकडे ओढणारी, एक तिकडे. बटण दाबलं की खट् आणि रुळाची जीभ सरकली. ते पहिल्यांदा झालं तेव्हा मी एकटीच होते खोलीत, आणि मला खिडकीखालची तार आठवून रडू आलं. तारा सगळ्या तांबड्या, घंटीच्याच, कारण घरात तेवढ्याच होत्या. कुठली तार कुठे जाते ते फक्त माझ्या डोक्यात. आणि गाडी मखरामागे कुठवर पोचली ते फक्त एका जागेवरून दिसायचं: खिडकीच्या कोपऱ्यात, भिंत आणि मखर यांच्यातल्या वीतभर फटीतून. तिथे मी पाट टाकला. ती माझी केबिन.

गणपती बसले, उकडीचे मोदक झाले, आरती झाली, आणि गाडी सुटली. पेढे घेऊन ती उंबऱ्याशी येऊन थांबली तेव्हा आळीतली माणसं लहान मुलं झाली. एक आजोबा चपला काढून गाडीच्या पाया पडले. लोक विचारायचे, कोणी केलं हो? अप्पाकाका म्हणायचे, आमच्या विलासनं, आणि ही सुधा त्याच्या हाताखाली. विलास लाजून खाली बघायचा. त्याला सांधा डावीकडे की उजवीकडे तेही ठाऊक नव्हतं. मी पाटावरून उठले नाही. म्हटलं, घ्या नाव. खटका माझ्या हातात आहे.

आणि गौरी यायच्या दिवशी सकाळी मला कावळा शिवला. हल्लीच्या मुली असं म्हणत नाहीत, सरळ पाळी म्हणतात, आणि बरं करतात. आईनं पंधरवडाभर आधी केमिस्टकडून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणलेल्या. सणावाराला सगळ्याच बायका घ्यायच्या. मी घेतल्या नाहीत. मला मळमळतं त्यांनी, आणि शिवाय का घ्यायच्या, हे मला कोणी सांगत नव्हतं. आईनं माझ्याकडे पाहिलं, काकूंच्या कानात सांगितलं, काकूंनी अप्पाकाकांना, आणि मला मागच्या खोलीत चटईवर बसवण्यात आलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा. पुढच्या खोलीत गौरीच्या पावलांच्या रांगोळ्या, तव्यावर घावनं पडल्याचा चर्र आवाज, घाटल्याचा वास. आणि मी भिंतीकडे तोंड करून, संतापानं नुसती धुमसत. निरोप आला की आजपासून गाडी विलास चालवेल.

मी दारातून सांगून पाठवलं, तारा लांबवा, खटका आणि बटणं इथे मागे आणून द्या, विलासनं फटीतून बघून मला ओरडून सांगावं. कोणाला शिवायचा प्रश्नच नाही. अप्पाकाका पडद्यापलीकडे येऊन उभे राहिले. बाजूला बसलेल्या बाईशी थेट बोलायचं नाही म्हणून आईकडे तोंड करून म्हणाले, "तिला सांगा, त्या गाडीत प्रसाद असतो. तारेच्या टोकाला तिचा हात म्हणजे प्रसादालाच तिचा हात."

"तारेतून विटाळ जातो का, काका?" मी पडद्याअलीकडून विचारलं.

ते म्हणाले, तोंड वाजवू नकोस. पण जातो, असंच त्यांनी सांगितलेलं होतं, आणि माझी खूणगाठ पक्की झाली. पुढे मी नोकरीभर सिग्नलच्या तारांच्या आकृत्या काढल्या, तांब्यातून काय जातं आणि काय जात नाही याचीच मीठभाकर खाल्ली. तसला प्रवाह मला कुठल्याही मीटरवर दिसला नाही.

संध्याकाळी घर भरलं. गौरीला ओटी भरायला बायका आलेल्या, अप्पाकाकांच्या कचेरीतले साहेब सपत्नीक आलेले, समोरच्या बिल्डिंगचे कारंजंवालेही. बाबा ड्यूटीवर, सणाला म्हणून केबिन बंद ठेवता येत नाही. मी मागे बसून नुसते आवाज ऐकत होते. गाडी सुटल्याची घरघर, टाळ्या, मग ती मखरामागे गेल्यावर येणारा दबका आवाज. मनात म्हटलं, आता सांधा. खट् आलं नाही. आता खटका. तो पडला, पण उशिरा. आणि मग ते लाल बटण टपकन वाजलं. विलासनं बटण आत दाबलं, परत बाहेर. मग काहीतरी ओढल्याचा, पाट सरकल्याचा आवाज, आणि विलासचं "अरे यार". घाबरून त्यानं खटकाच उचललेला आणि खालच्या तारा सुटून हातात आलेल्या, सगळ्या तांबड्या.

गाडी पेढ्यांसकट मखरामागे उभी. हात घालून काढावी तर वीतभर फटीतून हात पोचत नाही. चौरंग सरकवावा तर प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती विसर्जनापर्यंत हलवायची नाही, हे अप्पाकाकांचंच शास्त्र. साहेबांच्या बायकोनं हसून विचारलं, बाप्पानं सगळे पेढे ठेवून घेतले वाटतं? बाहेर हशा झाला. त्या हशातला अप्पाकाकांचा आवाज मला ओळखू आला, कसनुसा. थोड्या वेळानं मागच्या खोलीचा पडदा बाजूला झाला आणि ते स्वतः आत आले. मी बाजूला बसलेली असताना त्या खोलीत पुरुषाचं पाऊल पहिल्यांदा पडलं. चेहरा पडलेला. हळू आवाजात म्हणाले, सुधा, विलासला नुसतं सांग कुठली तार कुठे ते.

मी म्हटलं, सांगून तार जोडता येत नाही. मी येते.

त्यांनी आईकडे पाहिलं. आई माझी गरीब गाय नव्हती, पण मोठ्या दिरापुढे तिचा शब्द कधी बाहेर पडला नव्हता. ती माझ्याजवळ बसली आणि कुजबुजली, न्हाऊन घे पटकन, चौथा दिवस म्हणून सांगू, बाहेर कोणाला काय कळतंय. अप्पाकाका काही बोलले नाहीत. म्हणजे तेवढं त्यांना चाललं असतं. तारेतून जाणारा विटाळ थापेनं अडत होता! तोपर्यंत मी रागावलेली होते. त्या क्षणी मला त्यांची कीव आली, आणि भीती पार गेली. मी उठले, परकराला हात पुसले आणि पडदा सारून थेट पुढच्या खोलीत गेले.

खोलीत एवढी माणसं होती की वाट मिळेना. मी चौरंगापुढे उभी राहिले. "मी आज बाजूला बसलेली आहे. पहिला दिवस आहे. ही गाडी मी केलीय, तिची तार न तार मी जोडलीय आणि ती फक्त मला काढता येते. ज्याला माझा हात चालत नसेल त्यानं पेढा घेऊ नये."

ओटी घेऊन आलेली एक बाई चटकन मागे सरली. साहेब छताकडे बघायला लागले. कारंजंवाल्यांच्या सुनेनं मात्र माझ्याकडे सरळ पाहिलं आणि पाट नीट करून दिला. मी बसले, खटक्याखाली हात घातला. बोटांना सगळं ठाऊक होतं. तारा जागच्या जागी बसवल्या, लाल बटण आत दाबलं, फटीतून पाहिलं. इंजिनाचं नाक दिसलं. सांधा बदलला: खट्. खटका पाडला. मखरामागे घरघर सुरू झाली, आणि बाप्पाच्या डाव्या हाताकडून गाडी बाहेर आली, सांध्यावरून अलगद गेली आणि चार डबे पेढे घेऊन उंबऱ्याशी जाऊन थांबली.

कोणी हात पुढे केला नाही. एरवी पोरं झडप घालायची. त्या दिवशी आयांनी पोरांचे दंड धरून ठेवलेले. पेढे तसेच. मला वाटलं, आता ती गाडी जन्मभर तिथेच उभी राहणार, आणि मीही. हसू यावं असा प्रसंग नव्हता. पण मी मान खाली घातली नाही.

तेवढ्यात मागच्या खोलीतून आई आली. पदर खांद्यावरून घेतलेला, कपाळावर घाम. अप्पाकाकांच्या अगदी जवळून गेली, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. उंबऱ्याशी वाकली, पहिल्या डब्यातला पेढा उचलला, बाप्पाला हात जोडले आणि सगळ्यांसमोर उभ्यानं खाल्ला. नीट चावून, शेवटपर्यंत. मग बोटं चाटली. आईला मी त्याआधी आणि त्यानंतर चारचौघांत बोटं चाटताना पाहिलं नाही. कारंजंवाल्यांच्या सुनेनं दुसरा पेढा घेतला. मग एका मुलानं आईचा हात सोडवून घेतला, आणि मग गर्दीच झाली. सगळ्यांनी घेतला असं मी म्हणणार नाही. साहेबांनी हातातच ठेवला, ती मागे सरलेली बाई न घेता गेली. अप्पाकाकांनी घेतला नाही. पुढेही वर्षानुवर्षं कधी तो विषय काढला नाही, आणि गाडी विलासनं केली असंही परत कोणाला सांगितलं नाही.

डबे रिकामे झाले. मी खटक्यावर हात ठेवून बसले होते, पुढे काय करायचं ते न कळून. सकाळी माझं ताट वेगळं मांडणाऱ्या काकू स्वयंपाकघरातून सोवळ्यातल्या लुगड्यातच बाहेर आल्या. हातात पेढ्यांचा दुसरा डबा. अप्पाकाका काहीतरी म्हणायला लागले, तर त्यांच्याकडे पाठ करून उंबऱ्याशी उकिडव्या बसल्या आणि एकेक पेढा निगुतीनं गाडीत मांडू लागल्या. चारही डबे भरले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सोड गं," म्हणाल्या.

मी गाडी सोडली.